पत्रिकेचं पॅकिंग

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधीच सांगून मोकळा होतो. नाहीतर नेहमीसारखा आजूबाजूचंच लिहीत बसेन आणि मूळ गोष्ट तशीच राहील. बाबांच्या जुन्या गाडीच्या पंपातून ऑइल गळत होतं, ते मेस्त्रीकाकांनी काम कच्चं केलं म्हणून नव्हे. पंपाचे नट मी ढिले केले होते. दोनदा.

मला राग आला होता. आज पन्नाशी उलटली तरी त्यातला बराचसा राग खराच होता असं मला वाटतं. कुणावर काढला, तिथे घोळ झाला.

बाबा घाटकोपरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. माझ्या जन्माच्या आधी लागले ते केस पांढरे होईपर्यंत तिथेच. चौऱ्याऐंशी सालच्या सुमाराला ते निवृत्त झाले. शेठने त्यांच्या गळ्यात हार घातला आणि गॅरेजमध्ये कापडाखाली पडून असलेल्या जुन्या विलायती गाडीची किल्ली हातावर ठेवली. म्हणाला, "आजपासून ही तुमची." बाबा ती गाडी चालवत मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये घेऊन आले तेव्हा गॅलरीत माणसं उभी होती. गाडी गोल पाठीची, काळी, पुढे डोळ्यांसारखे मोठे दिवे. बाबांनी उतरून दरवाजा असा लावला, जणू आत कुणी झोपलंय.

मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. माणूस निवृत्त झाला की त्याला काय काय मिळतं, त्याचे कागद आमच्याच टेबलावरून जायचे. माझ्या बापाला त्यातलं काहीच लागू नव्हतं, कारण घरच्या ड्रायव्हरला कुठलाच कायदा लागू नव्हता. त्याला हार आणि गाडी. बरं, गाडी तरी दिली म्हणावं, तर तिचे कागद शेठच्याच नावावर राहिले. "करू ना, घाई काय आहे?" ही घाई त्यांना कधीच झाली नाही.

आणि मग खालच्या मजल्यावर फोन यायला लागले. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे यायचा. शेठच्या सुनेला बाळंतपणाहून घरी आणायचंय, जुन्या गाडीतून आणलेलं शुभ. शेठची बहीण आलीये, तिला वांद्र्याला सोडायचंय, तिला जुन्या गाडीची सवय. बाबा लगेच शर्ट बदलून निघायचे. निवृत्त झालेला माणूस, स्वतःची म्हणवणारी गाडी, स्वतः भरलेलं पेट्रोल, आणि चाकरी तीच. मी बोललो की बाबा म्हणायचे, "अरे, आठवण काढतात. लोक विसरून जातात माणसाला." मी गप्प बसायचो. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

पुढच्या हिवाळ्यात शेठच्या नातवाचं लग्न निघालं. शेठचा मुनीम पत्रिका घेऊन आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

"ड्रायव्हर, नवरदेव जुन्या गाडीतूनच जाणार. शेठने सांगितलाय. आणि तो तुमचा पांढरा ड्रेस आहे ना, पितळी बटणवाला? तो कडक इस्त्री करून घाला. फोटोत फस्क्लास येते."

"हो हो, म्हणजे काय!" बाबा म्हणाले.

बायको चहा घेऊन आली तर मुनीम म्हणाला, "टाइम नाय." आणि गेला. पत्रिका पुठ्ठ्यासारखी जाड, कडेला सोनेरी, पुढच्या पानावर उठावाचा गणपती. पाकिटावर बाबांचं नाव नव्हतं. फक्त 'ड्रायव्हर' असं लिहिलं होतं. इतकी वर्षं ज्याच्या मागच्या सीटवर बसून हिंडलात, त्याचं नाव पाकिटावर लिहायला शाई कमी पडली?

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पाहुणे म्हणून चाललाय का ड्रायव्हर म्हणून?"

"दोन्ही."

"ते कसं?"

"अरे, नवरा कुठे बसणार? मागे. मग त्याच्या पुढे कोण बसणार? मी. सगळ्या वरातीत नवऱ्याच्या पुढे बसणारा पाहुणा एकच."

"तुम्ही रिटायर झालात ना?"

"नोकरीतून," बाबा म्हणाले, "गाडीतून नाही." आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसले. माझी बायकोही हसली. मी हसलो नाही.

त्यांना त्या लग्नात गाडी चालवायची होती, आणि त्यांनी तिथे त्या पितळी बटणांत जाऊ नये असं मला वाटत होतं. सगळी गोष्ट एवढीच.

अडचण अशी होती की गाडी रस्त्यात बंद पडायला लागली होती. इंजिनाच्या अंगाला एक लहानसा पंप असतो, तो मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून वर पाठवतो. तो थकला होता. नवा मिळणं शक्यच नव्हतं. तेव्हा बाबांनी भांडुपहून मेस्त्रीकाकांना बोलावलं.

मेस्त्रीकाका म्हणजे बाबांच्या गावचे, एकाच बोटीतून मुंबईला आलेले. एकाने स्टेअरिंग धरलं, दुसऱ्याने पाना. भांडुपला रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती आणि घाटकोपर-मुलुंडच्या शेठलोकांचे निम्मे ड्रायव्हर त्यांच्याकडे गाड्या आणायचे. बोलायला इतके मोठे की काम ऐकूनच झाल्यासारखं वाटावं.

"ह्यो असलो पंप बांधणारी मुंबईत दोनच माणसा," त्यांनी बॉनेट उघडताना मला सांगितलं. "एक मेलो."

"आणि दुसरा?"

"दुसरो तुझ्यासमोर उभो आसा, मेल्या! बघून घे, मगे सांगशील नातवंडांका."

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यांनी पंपाचं आतलं सामान पैदा केलं होतं. रबरी पडदा, झडपा, स्प्रिंग. आमच्या बिल्डिंगच्या मागे, विहिरीच्या कट्ट्यावर पेपर पसरून त्यांनी पंप उघडला, पेट्रोलने धुतला, एकेक भाग बसवला. फक्त पॅकिंग फाटकं निघालं. या पंपाचा एक दांडा इंजिनाच्या पोटात जातो आणि आतल्या ऑइलमध्ये वरखाली होत राहतो. पंप आणि इंजिन जिथे चिकटतात तिथे कागदी पॅकिंग दाबून बसलं नाही, तर ऑइल बाहेर झिरपतं.

"जाड कागद हवो," मेस्त्रीकाका म्हणाले. "पुठ्ठो नको. पुठ्ठ्यापेक्षा बारीक, वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा घट्ट. आसा काय घरात?"

बाबा वर पूजेला बसले होते. पत्रिका गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली होती. मी ती उचलून मेस्त्रीकाकांच्या हातात दिली. मीच दिली. हे पुढे महत्त्वाचं आहे.

त्यांनी पत्रिका उलटसुलट केली, बोटांत चोळली आणि पसंतीने मान हलवली. मग गणपतीचं पान अलगद सोडवून कपाळाला लावलं आणि परत डॅशबोर्डवर ठेवलं. सगळ्यात मागचं पान घेतलं, त्यावर शेठच्या सगळ्या दुकानांचे पत्ते छापलेले होते. ते पान पंपाच्या तोंडावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत गेले. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता. दोन भोकं पाडली, ऑइलमध्ये बुडवलं, बसवलं.

"शेठचो सगळो धंदो इंजिनात घातलंय," ते म्हणाले. "आता गाडी फायद्यात."

त्या दिवशी मी खरोखर हसलो. खूप दिवसांनी कुणीतरी शेठला त्याच्या जागी बसवल्यासारखं वाटलं.

पंप झकास चालला. बाबा चेकनाक्यापर्यंत चक्कर मारून आले. त्यांची एक सवय होती: रोज संध्याकाळी इंजिनाखाली जुना पेपर पसरायचा आणि सकाळी तो उचलून वाचायचा. बातम्या नव्हे, डाग. किती थेंब, कुठल्या बाजूला. इतक्या वर्षांच्या नोकरीत शेठच्या संगमरवरी पोर्चमध्ये त्यांच्या गाडीतून ऑइलचा डाग कधी पडला नव्हता, हे ते पाहुण्यांना सांगायचे, मुलाचे मार्क सांगावेत तसं. सकाळी पेपर कोरडा निघाला. त्यांनी तो मला उघडून दाखवला.

मग पुन्हा फोन आला. बाबा केस कापायला गेले होते, म्हणून मीच घेतला. पलीकडे मुनीम.

"ड्रायव्हरना बोला, टोपी पण पायजे. आणि पाहुणे येतील तेव्हा हात नाय जोडायचा. सलाम मारायचा. विलायती स्टाइल. समजला?"

मी समजलो म्हटलं. बाबांना निरोप दिला. वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी टोपी शोधायला ट्रंक उघडली. नंतर मी आतल्या खोलीत गेलो तर ते आरशासमोर उभे होते. टोपी घालून सलामाचा हात वर नेत होते, थांबत होते, पुन्हा नेत होते. हात खांद्यात धरला होता, पूर्ण वर जात नव्हता. ते तो डाव्या हाताने आधार देऊन वर नेत होते.

मी दारातूनच मागे फिरलो. त्या वेळी मला जे वाटलं त्याला मी अजून दुसरं नाव देऊ शकत नाही. संताप. शेठवर, मुनिमावर, त्या टोपीवर. आणि खरं सांगायचं तर त्या हातावरसुद्धा. माझ्या बापाचा हात, आणि त्याला लाज कशी वाटत नाही!

दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आलो. दुपारची वेळ, बिल्डिंग झोपलेली. दिवसाढवळ्या बॉनेट उघडलं. कुणी पाहिलं असतं तरी म्हटलं असतं, मुलगा बापाची गाडी पुसतोय. पंप इंजिनाला दोन नटांवर बसतो. खालचा नट मी थोडासा ढिला केला, वरचा त्याहून कमी. गाडी बंद पडावी असं मला नको होतं. बंद पडलेली गाडी दुरुस्त करता येते, धक्का मारता येतो. मला फक्त थेंब हवे होते. थेंब पडणारी गाडी बाबा शेठच्या पोर्चमध्ये कधीच नेणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. बाबांच्या अभिमानाचाच मी पाना केला.

संध्याकाळी त्यांनी गाडी सुरू केली, थोडी फिरवली, पेपर घातला. सकाळी पेपर वाचला आणि तसाच दुमडून घरात आणला. टेबलावर उघडला. मधोमध काळपट तपकिरी डाग, तळहाताएवढा.

"मेस्त्रीला बोलव," ते म्हणाले.

कुणी विचारेल, बाबांनी स्वतः नट तपासून का पाहिले नाहीत? तर त्यांच्यात नियम होता. मेस्त्रीने बसवलेल्या नटाला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. मेस्त्रीने गाडी चालवून बघायची नाही, ती ड्रायव्हरने चालवायची, मेस्त्रीने बाजूला बसून ऐकायचं. चाळीसेक वर्षं दोघांनी हा नियम पाळला होता. तो नियम मला ठाऊक होता म्हणूनच माझं काम इतकं सोपं झालं.

मेस्त्रीकाका आले. त्यांनी पंप पुसून कोरडा केला आणि माझ्या बायकोला हाक मारली, "सूनबाय, तोंडाची पावडर हाड गो वायच!" तिने डबा आणला. "महागातली आहे हं काका." "मगे काय झाला? गाडीक पण लग्नाक जावचा आसा." त्यांनी पंपाच्या चारी बाजूंनी पावडर शिंपडली. पांढरा पंप, जणू तोंडाला लावून बसलाय. बाबांना गाडी सुरू करायला सांगितलं. थोड्या वेळाने पावडरीत एक काळी रेघ ओली होत खाली सरकली. नेमकी पॅकिंगच्या जागेवरून.

मेस्त्रीकाकांनी पाना लावला. नट फिरला. ते थांबले. पुन्हा लावला, पुन्हा फिरला.

"ह्यो मी आवळलंय," ते हळू म्हणाले. "माझ्या हातान आवळलंय."

त्यांच्या तोंडून इतक्या हळू आवाजात आलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. आता आणखी थोडा विचार करतील, असं मला वाटलं. भीती वाटली. आणि त्या भीतीपोटी, कुणी विचारलेलं नसताना मी म्हणालो, "बाबा, पॅकिंग कागदी आहे ना. त्या पत्रिकेचं केलंय. म्हणून गळत असेल."

"कसली पत्रिका?"

"लग्नाची."

बाबा गाडीतून उतरले. "गणपतीची पत्रिका कापलंस?"

"गणपती खंय कापलंय?" मेस्त्रीकाका एकदम तापले. "तो बघ तुझ्या समोर बसलो आसा! मागचा पान कापलंय. दुकानांचे पत्ते!"

"लग्न लागायच्या आधी पत्रिका कापलंस? शुभकार्याची? माझ्या शेठच्या घरची?"

"तुझो शेठ! तुझ्या शेठान तुका दिल्यान काय, तर भंगार! तां भंगार चालता कोणामुळे? शेठामुळे? ह्या हातांमुळे चालता! आणि पत्रिका मी चोरूक नाय. विचार तुझ्या झिलाक कोणी दिल्यान!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मेस्त्रीकाकांनीही पाहिलं. खरं बोलायला मला एकच शब्द पुरला असता.

"मला वाटलं पाकीट कापतील," मी म्हणालो.

मेस्त्रीकाका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, तर आपल्याच कानांवर विश्वास न बसल्यासारखे. मग खाली वाकून त्यांनी दोन्ही नट आवळले, पाना पुसला, पिशवीत टाकला.

"शिरा पडली त्या शेठाच्या तोंडार," ते बाबांना म्हणाले. "आता आयक. आता ह्या पंपातसून एक थेंब पडलो ना, तर मी पान्याक हात लावचंय नाय. लिहून ठेव."

"नको लावू," बाबा म्हणाले. "माझ्या गाडीला तर नकोच."

ते गेले. शेजारी गॅलरीत उभे होते. एकाने वरून विचारलंसुद्धा, "काय झालं, काका?" बाबा म्हणाले, "काही नाही. पॅकिंग."

इथे मी थांबलो असतो तर निम्मं पाप वाचलं असतं. नट आवळलेले होते, गाडी लग्नाला गेली असती, बाबांनी सलाम मारला असता, घरी येऊन खांदा चोळला असता, आणि दोन-चार दिवसांत दोघे म्हातारे पुन्हा बोलायला लागले असते. पण मी आता दोन खोटी वाक्यं बोलून बसलो होतो. पेपर कोरडा राहिला असता तर पॅकिंगचा दोष नव्हता हे उघडं पडलं असतं. मग नट कसे फिरले, हा प्रश्न आला असता. पहिल्यांदा नट फिरवले ते बाबांसाठी, असं मी निदान स्वतःला सांगू शकत होतो. दुसऱ्यांदा फिरवले ते फक्त स्वतःसाठी. लग्नाच्या आदल्या दिवशी, तीच दुपार, तोच पाना. आणि हे करताना त्या माणसाने पान्याची घेतलेली शपथ माझ्या कानात होती.

संध्याकाळी गाडीखाली पुन्हा थेंब. बायको म्हणाली, "दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा ना." बाबा म्हणाले, "एका मेस्त्रीच्या उघडलेल्या इंजिनात दुसऱ्याने हात घालायचा नाही." भांडण झालेलं असूनही हे पाळायचं होतं! त्यांनी टोपी पुन्हा ट्रंकेत ठेवली, खाली जाऊन फोन केला आणि गाडी येऊ शकत नाही म्हणून कळवलं. वर आले तेव्हा चेहरा उतरला होता, आणि मी, देवा, मी आत कुठेतरी सुटल्यासारखा झालो. वाटलं, निदान माझा बाप उद्या घरात बसेल. धोतर नेसून वरणभात जेवेल.

थोड्या वेळाने परत फोन आला. बाबा धावत खाली गेले आणि हसत वर आले.

"ते म्हणाले, गाडी नाही तर नाही, तुम्ही या. दुसरी गाडी भाड्याने आणणार आहेत. हॉलच्या गेटवर माणूस लागतोच."

"कशाला लागतो?"

"दरवाजे उघडायला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हीही गेलो. जेवणाचं आमंत्रण होतं, न जाऊन कसं चालेल, असं बाबांचं म्हणणं. घाटकोपरच्या त्या हॉलच्या गेटवर दिवे होते, सनई होती, आणि पांढऱ्या ड्रेसमध्ये, पितळी बटणांत, माझे वडील उभे होते. प्रत्येक गाडी आली की पुढे व्हायचे, दरवाजा उघडायचे, हात वर न्यायचे. डाव्या हाताने आधार द्यायला जागा नव्हती, त्या हातात दरवाजा असायचा. म्हणून सलाम अर्ध्यातच थांबायचा. मुनीम मागून ओरडत होता, "वर, वर, पुरा!" फुलांनी मढवलेल्या भाड्याच्या गाडीतून नवरदेव उतरला तेव्हा त्याने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील? दरवाजा उघडणाऱ्याकडे कोण पाहतं? आपली गाडी चालवत आले असते तर निदान नवऱ्याच्या पुढे बसले असते. तेवढंही मी काढून घेतलं होतं. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन दोन्ही नट घट्ट आवळले. म्हटलं, आता तरी ही गळती थांबू दे. आणि गळती थांबली ती कायमची.

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली असेल, तर ती नट ढिले करणं नव्हे. ते आवळणं. कारण सकाळी बाबांनी पेपर उचलला, तो कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कोरडा पेपर हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बघितलंस? लग्न पार पडलं आणि गळायचं थांबलं. लग्न लागायच्या आधी पत्रिका कापली होती, त्याचा दोष होता तो. दोष निघून गेला."

माझा बाप इंजिनाच्या आवाजावरून कुठली झडप बसत नाही ते सांगणारा माणूस. त्याला कोरड्या पेपरात देवाचा कोप दिसला, कारण मी त्याला दुसरं काही दिसू दिलं नाही. मी तेव्हा काय म्हणालो? "असेल."

ही गोष्ट मग घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांत फिरली. बाबा कुणाचं वाईट करायला सांगत नव्हते, नवल म्हणून सांगत होते. पण ड्रायव्हरांना चेष्टेला विषय मिळाला. भांडुपच्या शेडवर गाडी लावून विचारायचे, "काय मेस्त्री, आज कुणाची पत्रिका लावणार?" "माझ्या मेव्हण्याचं लग्न आहे, पॅकिंग जपून!" कुणी बारशाचं कार्ड नेऊन द्यायचा. आणि हसणाऱ्यांतले निम्मे पुढच्या वेळी दुसरीकडे जायचे, कारण चेष्टा असली तरी देवाधर्माचं कशाला अंगावर घ्या? मेस्त्रीकाकांनी शपथ पाळून पाना शेडमधल्या पोरांच्या हातात दिला होता; सुरुवातीला ते शिव्या द्यायचे. नंतर शिव्या बंद झाल्या. नव्वद साल उजाडायच्या आत त्यांनी शेड सोडली. मुलगा दहिसरला राहायचा, त्याच्याकडे गेले.

दोघे पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. एका गावचे, एका बोटीतले.

बाबा गेले तेव्हा मेस्त्रीकाका दहिसरहून आले. अंगणात बाबांच्या पायांशी बराच वेळ बसले. निघताना माझ्याजवळ आले, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलतील, मनातलं काढतील. त्यांनी विचारलं,

"मगे तो पंप परत कधी गळलो रे?"

"नाही, काका."

"एकदापण नाय?"

"नाही."

ते मान हलवत राहिले. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "नट ऱ्हवलो असतलो माझ्याकडसून ढिलो. हात गेलो होतो तेव्हाच. माका कळाक नाय."

त्यांच्या मनात माझा संशय आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःवरच घेतलं. मुंबईत दोनच माणसं तो पंप बांधणारी, आणि त्यातला दुसरा स्वतःच्या हाताला दोष देत माझ्या दारातून निघून गेला. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा करून दिली. सांभाळून जा म्हटलं.

त्यानंतर महिना उलटायच्या आत शेठच्या मुलाचा माणूस आला. कागद त्यांच्या नावावर, गाडी त्यांची. जुन्या गाड्यांना आता किंमत आलीये, असं तो म्हणाला. मला भांडता आलं असतं, पण मी कुठल्या तोंडाने भांडणार होतो? आता ती गाडी म्हणे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत रंगरंगोटी करून फिरते. तिच्या पोटात शेठच्या दुकानांच्या पत्त्यांचं पॅकिंग अजून असेल. ते कधीच गळलं नव्हतं.

मेस्त्रीकाका अजून आहेत. दहिसरला, मुलाच्या घरी, थकलेत. पत्ता माझ्याकडे आहे. मी दोनदा निघालो आणि दोनदा परत फिरलो. तिथे जाऊन, त्यांच्या मुलासमोर आणि सुनेसमोर, मला एवढंच सांगायचं आहे: काका, तुमचा हात गेला नव्हता, पत्रिका मी दिली होती, नट मी सोडले होते. हे मी त्यांचं देणं लागतो आणि ते मी अजून दिलेलं नाही.